‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय बंद पडते?

रोहा-अष्टमी, प्रतिनिधी : रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन तीरांवरची गावे, नगरपरिषद मात्र दोघांची मिळून एक. या दोन्ही तीरांवर, किंबहुना राज्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, गेल्या काही वर्षांत एक इंग्रजी शब्दप्रयोग मराठीइतकाच रुळला आहे, तो म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’. सातबाऱ्याचा उतारा काढायला आलेला शेतकरी, शिधापत्रिकेवरचे धान्य घेण्यासाठी रांगेत उभी असलेली गृहिणी, पीक विम्याची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी सुविधा केंद्रात पोहोचलेला माणूस, या सर्वांना खिडकीपलीकडून हेच दोन शब्द ऐकू येतात आणि त्यानंतर बोलण्यासारखे काही उरत नाही. पाऊस पडला नाही म्हणून जसा कोणाला जाब विचारता येत नाही, तसेच काहीसे हे होऊन बसले आहे.

सर्व्हर हे मात्र दैव नव्हे. ते माणसाने मांडलेले यंत्र आहे. त्याला ठिकाण असते, मालक असतो, वीज लागते आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारा एक रस्ता असतो. या साखळीतील कोणता दुवा तुटला आहे, हे बऱ्याच वेळा सामान्य माणसालाही ओळखता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपली नोंद ज्या पेटीत ठेवली आहे ती पेटीच नष्ट झाली तर काय, हा प्रश्न विचारता येतो. तो विचारला जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्व्हर म्हणजे काय?

‘सर्व्हर’ हा शब्द मुळात यंत्राचा नव्हे, भूमिकेचा आहे. एका संगणकाने मागावे आणि दुसऱ्याने द्यावे, अशी कामाची वाटणी झाली की देणारा तो सर्व्हर. मागणाऱ्याला तंत्रज्ञ ‘क्लायंट’ म्हणतात. आपला मोबाइल, सुविधा केंद्रातील संगणक, रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र हे सारे क्लायंट. घरातला जुना संगणकही योग्य प्रणाली टाकली की सर्व्हर होऊ शकतो. जगातील पहिला वेब सर्व्हर हा असाच, जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा एक ‘नेक्स्ट’ बनावटीचा संगणक होता. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्याच्यावर चिकटवलेली होती. साफसफाई करताना कोणी बटण दाबले असते, तर १९९०च्या त्या अखेरीस जगातले सारे वर्ल्ड वाइड वेबच ‘डाऊन’ झाले असते.

त्या चिठ्ठीतच सर्व्हरचे मर्म आहे. आपला घरचा संगणक आपण काम संपले की बंद करतो. सर्व्हरचे काम कधी संपतच नाही. म्हणून सर्व्हर म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रात बहुधा दोन वीजपुरवठा संच असतात, म्हणजे एक जळाला तरी दुसऱ्यावर यंत्र चालू राहते. हार्ड डिस्क समोरच्या बाजूने, यंत्र चालू असतानाच, कपाटाच्या खणासारखी बाहेर ओढून बदलता येते. स्मृतीत एखादा आकडा चुकून पालटला तर ती चूक आपोआप दुरुस्त करणारी खास मेमरी बसवलेली असते. दिसायला हे यंत्र टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्ससारखे चपटे, पण १९ इंच रुंदीच्या लोखंडी चौकटीत बसणारे असते. या चौकटीला ‘रॅक’ म्हणतात. रॅकमधील उंची पावणेदोन इंचांच्या पट्टीने मोजतात आणि अशा बेचाळीस पट्ट्यांचा रॅक सर्वत्र आढळतो. पडदा आणि कळफलक मात्र त्याला सहसा नसतो; त्याच्याशी जे काही बोलायचे ते जाळ्यातूनच, म्हणजे नेटवर्कवरून.

अष्टमीतला अंगठा कुठे जातो?

रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवला जातो तेव्हा तो ठसा दुकानात तपासला जात नाही. यंत्रात एक सिमकार्ड असते. तेथून ठसा सांकेतिक रूपात जवळच्या मोबाइल मनोऱ्याकडे, मनोऱ्यावरून तंतुवाहिनीने पुरवठा विभागाच्या प्रणालीकडे आणि तेथून आधार प्राधिकरणाच्या सर्व्हरकडे जातो. प्राधिकरणाची माहिती केंद्रे बंगळुरूच्या हेब्बाळ भागात आणि हरियाणातील मानेसर येथे आहेत. तेथून ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते आणि ते त्याच वाटेने अष्टमीत परतते. सारे सुरळीत असेल तर या प्रवासाला काही क्षण पुरतात.

आता मनोऱ्याची वीज गेली, रस्त्याच्या खोदकामात तंतुवाहिनी तुटली, विभागाची प्रणाली अडली किंवा प्राधिकरणाकडून उत्तर आले नाही, तर दुकानदाराच्या पडद्यावर दिसणारा परिणाम थोड्याफार फरकाने एकच असतो. तो म्हणतो, सर्व्हर डाऊन. त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही; त्याला तेवढेच दिसते. पण चार वेगवेगळ्या आजारांना एकच नाव मिळाल्याने औषधही कोणी शोधत नाही, हा खरा तोटा आहे. आणि हेही नमूद करायला हवे, की दुपारच्या जेवणाची वेळ आणि सर्व्हर डाऊन होण्याची वेळ कधी कधी फारच जुळते.

संकेतस्थळाच्या बाबतीत दोष थोडा अधिक नेमकेपणाने ओळखता येतो. पडद्यावर येणारे आकडे त्रासदायक वाटले तरी ते निदान असते. ‘४०४’ आला तर सर्व्हर उत्तम चालू आहे. आपण मागितलेले पान तेवढे त्याच्याकडे नाही. ‘५०३’ म्हणजे सर्व्हर जागा आहे, पण सध्या सेवा देण्याच्या स्थितीत नाही. बहुधा गर्दी किंवा दुरुस्ती. ‘५०४’ म्हणजे दारातला सर्व्हर भेटला, पण आतल्या ज्या सर्व्हरकडून त्याला माहिती आणायची होती त्याने वेळेत उत्तर दिले नाही. पत्ताच सापडत नाही असा संदेश आला, तर नावावरून संगणकाचा क्रमांक शोधून देणारी ‘डीएनएस’ नावाची जी निर्देशिका असते, तिच्यात किंवा आपल्याच जोडणीत दोष असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी त्याच यंत्रावर दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडले नाही, तर बिचाऱ्या सरकारी सर्व्हरला बोल लावण्यात अर्थ नाही.

गर्दीचा मुद्दा थोडा समजून घ्यायला हवा. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी लाखो मुले एकाच मिनिटाला एकाच दारावर येतात. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकऱ्यांनी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करायची झाली. तिथेही मुदतीचे शेवटचे दिवस म्हणजे झुंबड. सर्व्हर एका वेळी ठरावीक मागण्याच हाताळू शकतो. बाकीच्या रांगेत उभ्या राहतात आणि रांग मर्यादेबाहेर गेली की परत पाठवल्या जातात. यावर उपाय म्हणजे एकाच कामासाठी अनेक सर्व्हर उभे करणे आणि दारात गर्दी वाटून देणारे एक यंत्र ठेवणे. एसटी महामंडळ गणपतीत जशा जादा गाड्या सोडते, तसेच हे. फरक इतकाच, की गणपती केव्हा येणार हे पंचांगात असते आणि मुदतीची तारीख सरकारच ठरवते. तेव्हा त्या दिवशी गर्दी होईल याची कल्पना नव्हती, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे नाही.

साठा वेगळा, वाट वेगळी

सर्व्हर बंद पडणे ही गैरसोय आहे. साठा नष्ट होणे ही आपत्ती आहे. या दोन गोष्टींत आपण गल्लत करतो.

रोह्याच्या माणसाला हा भेद नदीवरून चटकन कळावा. मुळशीच्या धरणात साठवलेले पाणी सह्याद्रीचा कडा उतरून टाटांच्या भिरा वीजकेंद्रात येते. हे केंद्र १९२७पासूनचे. वीज निर्माण करून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. साठा घाटावर, वापर कोकणात आणि मध्ये पाण्याची वाट. भिऱ्याचे यंत्र एक दिवस थांबले, तर नदी तेवढा वेळ रोडावेल. मुळशीचे पाणी जागच्या जागी राहील. धरणाचेच काही बरेवाईट झाले, तर मात्र गोष्ट निराळी.

संगणकाच्या जगात हा साठा म्हणजे हार्ड डिस्क किंवा अलीकडच्या एसएसडी. आयबीएमने १९५६मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि जेमतेम पाच मेगाबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्राएवढी माहिती त्यांत मावत असे. आता तळहाताएवढ्या डिस्कमध्ये कित्येक टेराबाइट मावतात. एक टेराबाइट म्हणजे दहा लाख मेगाबाइट.

ही डिस्क एखाद्या संगणकाच्या पोटात असेल तर तिचा उपयोग त्या एकाच संगणकाला. समजा, अष्टमीतील एका कर सल्लागाराच्या कार्यालयात पाच संगणक आहेत. ग्राहकाची फाइल एकाच्या यंत्रावर, तिची सुधारित प्रत दुसऱ्याच्या, आणि पेन ड्राइव्हवर तिसरीच. कोणती खरी, हे विवरणपत्र भरण्याच्या दिवशी कळते. यावर उतारा म्हणजे डिस्क संगणकातून काढून जाळ्यावर ठेवणे. दोन किंवा चार डिस्क बसतील अशी एक लहान पेटी मिळते, ती राउटरला तारेने जोडायची; पाचही संगणकांना तिच्यातला साठा दिसू लागतो. या पेटीला ‘नॅस’ म्हणतात. जाळ्याला जोडलेला साठा, एवढाच त्या आद्याक्षरांचा अर्थ. आत एक छोटा सर्व्हरच असतो, पण त्याचे काम एकच, फाइली सांभाळणे. कोणाला कोणते खण उघडता येतील हेही त्यावर ठरवून देता येते.

मोठ्या संस्थांत ‘सॅन’ नावाचा दुसरा प्रकार असतो. भेद असा : नॅस हे अभिलेख कक्षातील कारकुनासारखे आहे. अमुक गावचा अमुक सालचा रुमाल आणा म्हटले, की तो शोधून आणून देतो. आत मांडणी कशी आहे याची उठाठेव आपल्याला नको. सॅनमध्ये कारकून नसतो. मोकळी मांडणीच भाड्याने मिळते आणि कोणत्या फळीवर काय ठेवायचे ते सर्व्हर स्वतः ठरवतो. बँकांचे व्यवहार किंवा तिकिटांचे आरक्षण यांसारख्या, क्षणाला हजारो बारीक नोंदी करणाऱ्या कामांना हा दुसरा प्रकार सोयीचा. त्यासाठी वेगळे, वेगवान जाळे टाकावे लागते. घराला किंवा छोट्या कार्यालयाला त्याची गरज नाही. विक्रेत्याने कितीही आग्रह केला तरी.

वेगाबद्दल एक खुलासा. जाळ्याचा वेग ‘बिट’मध्ये सांगतात आणि साठा ‘बाइट’मध्ये मोजतात, आठ बिट म्हणजे एक बाइट. जाहिरातीतला शंभरचा आकडा म्हणूनच प्रत्यक्षात साडेबाराचा होतो. एक टेराबाइट माहिती कार्यालयातल्या एक गिगाबिट वेगाच्या तारेवरून हलवायला सुमारे सव्वादोन तास लागतात, शंभर मेगाबिटच्या जोडणीवरून बावीस तासांहून अधिक. आणि बाहेर पाठवण्याचा वेग वीस मेगाबिट असेल तर साडेचार दिवसांहून जास्त. हेही वाट अखंड मोकळी मिळाली तर. हे गणित पुढे उपयोगी पडणार आहे.

नॅसच्या पेटीत दोन डिस्क का, तर एक बिघडली तरी काम अडू नये म्हणून. दोन्हींवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाते. तीन किंवा अधिक डिस्क असतील तर आणखी एक युक्ती करता येते. पहिल्या वहीत सात लिहा, दुसऱ्या वहीत बारा, आणि तिसऱ्या वहीत त्यांची बेरीज एकोणीस. दुसरी वही वाळवीने खाल्ली, तर एकोणीसमधून सात वजा करा, बारा परत मिळाले. पहिली गेली तर एकोणीसमधून बारा वजा करा. प्रत्यक्षात संगणक साधी बेरीज करत नाही, द्विमान आकड्यांवर तशाच स्वरूपाची क्रिया करतो आणि हे हिशेब सर्व डिस्कवर वाटून ठेवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८मध्ये या सगळ्या पद्धतींना ‘रेड’ असे नाव दिले.

या ‘रेड’बद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. डिस्क बिघडली तर ते वाचवते. पण कोणी फाइल चुकून पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. विषाणूने माहितीची नासधूस केली, तर ती नासधूसही इमाने-इतबारे दोन्हीकडे लिहिली जाते. आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे.

घानातली वीज गेली म्हणून...

याचा सर्वांत मोठा धडा ज्या प्रकरणाने दिला, त्याची झळ याच रायगड जिल्ह्याला लागली होती. २७ जून २०१७ रोजी उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात, मर्स्क उद्योगसमूहाची कंपनी चालवत असलेल्या एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. ‘नॉटपेट्या’ नावाचा विनाशक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या वाटेने सुटला होता आणि मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात शिरून एकामागून एक संगणक निकामी करत होता. कोणता कंटेनर कोणाचा, तो कुठे ठेवला आहे, कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे सारे संगणकाला विचारून चालणारे बंदर एकाएकी आंधळे झाले.

या कंपनीकडे माहितीच्या प्रती नव्हत्या असे नाही. बऱ्याच सर्व्हरच्या राखीव प्रती सापडल्या. पण जाळ्यावर कोण कोण आहे, कोणाला कोणता अधिकार आहे, याची मूळ यादी सांभाळणारे जे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर पसरलेले होते, ते एकमेकांचेच आरसे होते. एक गेला तर दुसऱ्यावरून उभा करू, अशी ती योजना. सगळे एकदम जातील हे कोणी गृहीत धरले नव्हते आणि नेमके तेच झाले. शोधाशोध केल्यावर एकच सर्व्हर शाबूत सापडला, आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती, त्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता आणि म्हणूनच वाचला. भारनियमनाने कोणाचे भले झाल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.

यापुढचा भाग वर सांगितलेल्या वेगाच्या गणिताचा. घानातून ब्रिटनमध्ये काही शेकडो गिगाबाइट माहिती पाठवायची होती. तेथील जोडणी इतकी अरुंद होती की कित्येक दिवस लागले असते. मग माणूसच विमानाने पाठवायचे ठरले, तर घानातील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर तेथील एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती लंडनला पोहोचवली. जगातील अग्रगण्य जहाज कंपनी पुन्हा उभी राहिली ती हातातून हातात दिलेल्या एका डिस्कमुळे. दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणकांवर नव्याने प्रणाली बसवाव्या लागल्या, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८मध्ये दाव्होस येथे सांगितले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज पंचवीस ते तीस कोटी डॉलरचा होता.

दक्षिण कोरियाला घानासारखे नशीब लाभले नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील देजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सातशेहून अधिक शासकीय प्रणाली बंद पडल्या. त्यांतल्या बहुतेकांच्या प्रती अन्यत्र होत्या. पण सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रे ज्यावर ठेवायची, तो ‘जी-ड्राइव्ह’ नावाचा सामायिक साठा जळाला आणि त्याची बाहेर प्रतच नव्हती. ८५८ टेराबाइटचा हा साठा फार मोठा, म्हणून त्याची प्रत काढली जात नाही, असे कारण देण्यात आले. तंत्रज्ञानात जगाला हेवा वाटावा असा तो देश. पण साठा एकाच इमारतीत, या एका चुकीने वर्षानुवर्षांची दप्तरे गेली. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत कागदी फायली जळाल्या, तेव्हा संगणकात ठेवले असते तर वाचले असते असे सर्रास म्हटले गेले. कोरियाने त्या म्हणण्यातील अर्धवटपणा दाखवून दिला. कोणत्या संगणकात आणि आणखी कुठे, हे त्यापुढचे शब्द आहेत.

ढग नव्हे, पनवेल

‘क्लाउड’ या शब्दाने बराच गोंधळ केला आहे. माहिती आकाशात तरंगते अशी कल्पना त्यातून होते. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील दुसऱ्याचे सर्व्हर, आपण वापरापुरते भाड्याने घेतलेले. अशा इमारतींपैकी एक मोठी इमारत रायगड जिल्ह्यातच आहे. हिरानंदानी समूहाच्या ‘यॉटा’ कंपनीचे पनवेल येथील माहिती केंद्र जुलै २०२०मध्ये सुरू झाले. ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट विजेची त्याची जाहीर केलेली क्षमता. विजेचा हा आकडा बोलका आहे. हजारो यंत्रे रात्रंदिवस तापत असतात, त्यांना थंड ठेवण्यासाठीच विजेचा मोठा वाटा खर्ची पडतो.

माहिती कुठल्या देशात राहते यालाही महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून आर्थिक देवघेवीच्या प्रणालींची माहिती केवळ भारतातच साठवावी असा दंडक घातला. (त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे रोह्याशी असलेले नाते येथल्या वाचकांना सांगायला नको.)

सातबाऱ्याचा प्रवासही याच दिशेने झाला आहे. एके काळी तो तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या दप्तरात होता. मग तालुक्याच्या संगणकावर आला आणि पुढे राज्याच्या माहिती केंद्राकडे गेला. १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. त्याला शुल्क पंधरा रुपये. दप्तर तलाठ्याकडे होते तेव्हा तलाठी गावात नसला की काम अडे. आता जोडणी नसली की अडते. पण दप्तर भिजले, कसर लागली, पान फाटले ही भीती कमी झाली, हा लाभ लहान नाही.

अष्टमीच्या कार्यालयाने काय करावे?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. जिल्ह्याच्या किनारी तालुक्यांत विजेचे खांब आणि मोबाइल मनोरे पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. ज्यांचे सर्व काही क्लाउडवर होते त्यांची माहिती सुखरूप होती, पण तिच्यापर्यंत जाण्याची वाट नव्हती. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी महाडमध्ये पुराचे पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरची यंत्रे पाण्याखाली गेली. तेथे ज्यांची माहिती फक्त दुकानातल्या संगणकावर होती, त्यांची वाटही गेली आणि साठाही. पावसाळ्यात कुंडलिकेने इशारा पातळी ओलांडल्याच्या बातम्या दर वर्षी देणाऱ्या या वार्ताहराला, नदीकाठच्या कार्यालयांत जमिनीवरच ठेवलेले संगणक पाहून म्हणूनच काळजी वाटते.

पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने सांगितलेला एक ठोकताळा तंत्रज्ञांत सर्वमान्य आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आपल्या कर सल्लागाराने तो असा अमलात आणावा. रोजचे काम नॅसच्या पेटीवर. ती जमिनीवर नको, शक्य तर वरच्या मजल्यावर, आणि यूपीएसखेरीज चालवू नये, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. दुसरी प्रत क्लाउडवर, रात्री आपोआप जाणारी. पहिल्या वेळी सगळा साठा चढायला काही दिवस लागतील. पुढे रोज बदललेले तेवढेच जाते. तिसरी प्रत आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क तारेपासून सोडवावी आणि घरी न्यावी. घर नदीच्या दुसऱ्या तीरावर असले तर उत्तमच. तार काढलेली डिस्क म्हणजे आपल्या पुरते घाना; जाळ्यात शिरलेला विषाणू तिथवर पोहोचू शकत नाही. कोकणातल्या दमट हवेत ती उघडी ठेवू नये, बंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी.

नॅस इंटरनेटवरून थेट उघडता येईल अशी सोय विक्रेते हौसेने करून देतात. ती गरज नसेल तर बंद करून घ्यावी. पेटीसोबत आलेला मूळ पासवर्ड बदलावा आणि उत्पादक कंपनीच्या सुधारणा वेळच्या वेळी चढवाव्यात. मे २०१७मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा ‘वॉनाक्राय’ फाइली सामायिक करण्याच्या यंत्रणेतील ज्या भगदाडातून शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच उपलब्ध करून दिली होती.

प्रस्तुत प्रतिनिधीची पत्रकारितेच्या पदविकेच्या काळातील सारी टिपणे एका डिस्कवर होती. प्रतही काढलेली होती, आठवणीने, दर महिन्याला. मूळ डिस्क टकटक असा आवाज करीत बंद पडली तेव्हा प्रत जोडली. फोल्डर सगळे होते, नावे बरोबर होती, फाइली मात्र शून्य बाइटच्या. कॉपी करणारा प्रोग्राम कित्येक महिने नुसतीच नावे उतरवत होता. तेव्हापासून महिन्यातून एकदा, कोणतीही एक जुनी फाइल राखीव प्रतीवरून उघडून, शेवटच्या पानापर्यंत वाचून पाहायची, असा परिपाठ ठेवला आहे. त्याला पाच मिनिटे लागतात.